अमेरिकेतून ‘जवळजवळ फुकट’ आयफोन येतोय, पण लॉक आहे. घ्यावा का?

प्रश्न असा आलाय: मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला त्याच्या मोबाईल कंपनीकडून नवीन आयफोन जवळजवळ फुकटात मिळतोय, दिवाळीला येताना घेऊन येतो म्हणतोय. फोन कंपनी लॉक आहे, म्हणजे त्यात फक्त त्या कंपनीचंच सिम चालतं, पण ‘आपल्याकडे कुठल्याही दुकानात पाचशे रुपयांत लॉक काढून देतात’ असं कुणीतरी सांगितलंय. तर पैसे पाठवू का?

माझं उत्तर, नका पाठवू. फोन वाईट आहे असं नाही, फोन एक नंबर असेल, पण तो अजून तुमच्या भावाचा झालेलाच नाहीये, मग तो तुम्हाला कसा देणार? मी सेकंडहँड सेट आणि रिपेअरिंगमध्ये बरीच वर्षं आहे आणि दर दिवाळीनंतर आणि लग्नसराईत हेच सेट काउंटरवर येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ते पाचशे रुपयांचं. ही गोष्ट एकेकाळी खरी होती. जुन्या नोकिया, सॅमसंगमध्ये लॉक म्हणजे एक कोड असायचा, आयएमईआय म्हणजे फोनच्या स्वतःच्या पंधरा आकडी नंबरवरून तो कोड काढून मिळायचा, टाकला की फोन मोकळा. चुकीचा कोड ठराविक वेळापेक्षा जास्त टाकला तर फोन कायमचा अडकायचा, पण जमणारे लोक होते. मग २००७ ला पहिला आयफोन आला, तो अमेरिकेत फक्त एटी अँड टी या एकाच मोबाईल कंपनीवर चालायचा, आणि दोनतीन महिन्यांत एका पोराने तो फोडून दुसऱ्या कंपनीचं सिम चालवून दाखवलं. पुढे जेलब्रेक करून, म्हणजे ॲपलची सॉफ्टवेअरची बंधनं तोडून, अल्ट्रास्नो नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि थ्रीजी, थ्रीजीएस चालू करायचे, हे मुंबई-पुण्यात दुकानादुकानांत चालायचं. लोकांच्या डोक्यात तेव्हाचंच बसलंय. आता तसं काही राहिलेलं नाही.

आता होतं काय ते सांगतो. प्रत्येक सिममध्ये एक आयएमएसआय नंबर असतो, त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४०४ नाहीतर ४०५, पुढचे दोनतीन कंपनीचे. फोनचा मोडेम सिम घातल्याबरोबर ते आकडे बघतो आणि ‘मला परवानगी असलेल्या यादीत ही कंपनी आहे का’ ते तपासतो. ती यादी कुठून येते? आयफोनच्या बाबतीत ॲपलच्या सर्व्हरवरून. फोन पहिल्यांदा चालू करताना तो सर्व्हरला आपला आयएमईआय सांगतो आणि सर्व्हर कळवतो की हा फोन अमुक कंपनीपुरता आहे. म्हणजे फोनच्या आत फोडण्यासारखं काही नाहीच. ती नोंद बदलायचा अधिकार ज्या कंपनीने फोन विकला तिला, आणि ती कंपनी नोंद बदलते ज्याच्या नावावर खातं आहे त्याची उधारी फिटल्यावर. इथल्या कुठल्याही दुकानदाराला, मग तो लॅमिंग्टन रोडचा असो नाहीतर पुण्यातल्या तपकीर गल्लीचा, त्या सर्व्हरला हात लावता येत नाही. जो ‘लावतो’ म्हणतो त्याचं काय ते खाली येतंच.

आता ‘जवळजवळ फुकट’. अमेरिकेत फुकट फोन म्हणजे बहुतेक वेळा ३६ महिन्यांचा हप्ता असतो. समजा फोन ८०० डॉलरचा, तर महिन्याला २२ डॉलर २२ सेंट बिलात लागतात आणि तेवढीच रक्कम बिलात वजा करून दाखवतात, त्याला बिल क्रेडिट म्हणतात. म्हणून फुकट वाटतो. पण त्यासाठी महागडा अनलिमिटेड प्लॅन तीन वर्षं चालू ठेवावा लागतो, आणि बऱ्याच राज्यांत सेल्स टॅक्स फोनच्या पूर्ण किमतीवर पहिल्याच दिवशी भरावा लागतो. बरं, भाऊ म्हणाला की उरलेले हप्ते एकदम भरून टाकतो, तर साधारण सगळीकडे उरलेली क्रेडिटं तिथेच बंद होतात. चौदाव्या महिन्यानंतर सोडलं तर २२ हप्ते उरले, म्हणजे जवळपास ४८९ डॉलर एकरकमी. फुकटचा फोन असा पडतो.

आणि हप्ते फिटल्याशिवाय अनलॉक नाही. एटी अँड टीचा नियम, पोस्टपेड फोन किमान ६० दिवस चालू असला पाहिजे, पैसे पूर्ण फिटलेले पाहिजेत, खात्यावर थकबाकी नको. टी-मोबाईलचं तसंच, फक्त ६० च्या जागी ४० दिवस. व्हेरायझनचं वेगळं होतं, त्यांनी घेतलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या स्पेक्ट्रमवर एफसीसीची, म्हणजे तिकडच्या सरकारी टेलिकॉम नियामकाची, अटच होती, त्यामुळे २०१९ पासून त्यांचे फोन ६० दिवसांनी आपोआप सुटायचे, हप्ते बाकी असले तरी. म्हणून जाणकार लोक ‘घ्यायचा तर व्हेरायझनचा घ्या’ सांगायचे, मीही सांगायचो. पण २०२५ मध्ये व्हेरायझनने ही अट काढून टाका म्हणून एफसीसीकडे अर्ज केला, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ६० दिवसांच्या भरवशावर पैसे टाकू नका, भावाला त्याच्या स्वतःच्या करारात काय लिहिलंय ते वाचायला सांगा.

कायद्याचं पण लोक विचारतात. अमेरिकेत २०१३ च्या सुरुवातीला कंपनीच्या परवानगीशिवाय नवीन फोन अनलॉक करणं बेकायदा ठरलं होतं, त्यावर बोंबाबोंब झाली, सह्यांची मोहीम झाली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांच्या सहीने अनलॉकिंगचा कायदा आला. म्हणजे ग्राहकाने अनलॉक करून घेणं हा गुन्हा नाही. पण कंपनीने लॉक फोन विकूच नये असं तो कायदा म्हणत नाही, ती गल्लत करू नका. कॅनडात मात्र १ डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉकच विकावा लागतो, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून. त्यामुळे टोरांटोची मावशी किंवा लंडनचा मित्र नवीन फोन आणत असेल तर ही सिम लॉकची काळजी फारशी नाही. 

परत अमेरिकेकडे. पोस्टपेडपेक्षा वाईट प्रकार म्हणजे प्रीपेड सेट. ब्लॅक फ्रायडेला वॉलमार्टमध्ये वगैरे प्रीपेड कंपन्यांचे आयफोन अक्षरशः निम्म्या किमतीत लावलेले असतात, आणि आपला माणूस चार उचलतो, एक बायकोच्या भावाला, एक मेव्हण्याला, सीलबंद डबे तसेच बॅगेत. इथे आल्यावर डबा फोडला, जिओचं सिम घातलं, सिम नॉट सपोर्टेड. आता करायचं काय? अनलॉकचा काळ फोन विकत घेतल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, तिथे त्या कंपनीचं सिम घालून, पैसे भरून सर्व्हिस चालू केली तिथून मोजतात. एटी अँड टी प्रीपेडला सहा महिने, टी-मोबाईल प्रीपेडला साधारण वर्ष. तुमचा डबा सांगलीत कपाटात वर्षभर पडून राहिला तरी त्याचा एक दिवस पण मोजला जात नाही. असा सेट परत अमेरिकेला पाठवून तिथे कुणीतरी महिने न् महिने रिचार्ज मारत बसायचं, हाच सरळ मार्ग, आणि तो कुणी करत नाही. शेवटी तो फोन वायफायवर पोरांना गेम खेळायला.

आणखी एक छुपा प्रकार आहे, तो इथल्या दुकानदारांनाही पटकन कळत नाही. तिकडच्या काही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या आयफोनवर पण एक पॉलिसी असते, यूएस रिसेलर फ्लेक्स म्हणतात. हा सेट डब्यात असताना कुणाचाच नसतो, पहिलं सिम ज्या कंपनीचं पडेल तिचा होऊन बसतो. भाऊ म्हणतो मी तर कॅशने घेतला, लॉक कसला? आणि चेक करायला म्हणून स्वतःचं सिम घालून बघितलेलं असतं. झालं.

तेव्हा तिकडून घ्यायचाच तर सरळ ॲपलच्या दुकानातून किंवा साइटवरून, पूर्ण पैसे भरून, आणि कुठली कंपनी हा प्रश्न आला की ‘कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर’, म्हणजे मोबाईल कंपनी नंतर निवडू, हा पर्याय. इथेही एक मेख आहे. आयफोन १६ ची जाहिरातीत किंमत ७९९ डॉलर होती, पण ती कंपनीच्या कनेक्शनसोबतची, कनेक्शनशिवाय साधा १६ घ्यायचा तर ८२९. त्यावर न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, म्हणजे झाले ८८४ डॉलर. डॉलर ८४ रुपये धरला तर ७४,२५० च्या आसपास. इथे तोच फोन ७९,९०० ला लागला होता, वर कार्डावरची सूट आणि जुन्या फोनचा एक्सचेंज वेगळा. वाचले किती, पाच साडेपाच हजार, तेही सूट न धरता. भाऊ शेजारच्या डेलावेअरला जाऊन आणेल तर टॅक्स शून्य, तिथे थोडं परवडतं, आपले बरेच मराठी लोक खरेदीला म्हणून तिकडे जातातच. पण एवढ्या फरकासाठी तुम्ही काय सोडताय ते पण बघा. ॲपलच्या वॉरंटीतच लिहिलंय की सर्व्हिस मूळ विक्रीच्या देशापुरती मर्यादित ठेवायचा हक्क त्यांच्याकडे आहे. आणि अमेरिकेच्या आयफोनला १४ पासून पुढे सिमची खाचच नाही, नुसतं ई-सिम. शहरात जिओ, एअरटेल, व्हीआय सगळे ई-सिम देतात, अडचण नाही, पण गावी आईला फोन द्यायचाय आणि तो बिघडला तर सिम काढून जुन्या साध्या फोनमध्ये टाकू ही सोय गेली. प्रत्येक वेळी एसएमएस, क्यूआर कोड, वायफाय, आणि ते करून देणारा घरात कुणीतरी.

आता ते ‘काढून देतात’. काय करून देतात ते एकदा डोळ्याने बघितलेलं बरं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं कालपर्यंत चालू होता, रात्री अपडेट टाकला आणि नेटवर्क गेलं. मी पिन घालून ट्रे बाहेर काढतो, तर ट्रे नेहमीपेक्षा घट्ट, किंचित वर आलेला. सिम उचललं की खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पिवळसर फिल्म चिकटवलेली, तिच्या एका कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढी चिप, आणि सिमच्या सोनेरी पट्टीवर तिचे ओरखडे. हीच ती आर-सिम, बाजारात नुसतं ‘चिपवाला सेट’ म्हणतात. ही चिप सिम आणि फोनच्या मध्ये बसून फोनला खोटं सांगते की हे सिम त्या अमेरिकन कंपनीचंच आहे. फोन फसतो, नेटवर्क येतं, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातं. पण ॲपलने पुढच्या अपडेटमध्ये ती पळवाट बुजवली की खेळ खलास, मग नवीन चिप, नवीन कोड, परत पैसे. फोन रिसेट केला तरी तेच. तोपर्यंत ज्याने विकला तो ओळख देत नाही. आणि १४ च्या पुढच्या अमेरिकन सेटला ट्रेच नाही, तर चिप चिकटवणार कुठे? म्हणजे तुमच्या भावाच्या फोनला हा कच्चा उपाय पण लागू नाही.

चिपवाला ओळखायचा कसा ते सांगतो, कारण सेकंडहँड घेताना हे सगळ्यात कामाचं आहे. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, खाली खाली या, कॅरिअर लॉक अशी ओळ आहे. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं पाहिजे. ‘सिम लॉक्ड’ लिहिलंय आणि तरीही इथलं सिम घालून वर नेटवर्कचे दांडे दिसतायत, फोन लागतोय, तर शंभर टक्के आत चिप आहे. दुकानदार कॉल लावून दाखवेल, स्पीड टेस्ट दाखवेल, तुम्ही ती ओळ बघा. आणि ट्रे तुमच्या हाताने काढा. त्याच पानावर मॉडेल नंबर असतो, शेवटी एलएल असेल तर अमेरिकेचा सेट, ‘जे’ अक्षर असेल तर जपान, सीएच चीन, झेडपी हाँगकाँग, एचएन आपला भारताचा. सुरुवातीचं अक्षर एम असेल तर नवीन म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने रिफर्बिश केलेला, एन म्हणजे सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला. ‘इंडियन सेट आहे साहेब, बिल हरवलंय’ म्हणणाऱ्याचा मॉडेल नंबर एलएल निघाला की मला पुढचं काही ऐकायचं नसतं.

तिसरी जमात ऑनलाइन अनलॉकवाल्यांची. आयएमईआय पाठवा, एवढे डॉलर भरा, तीन दिवसांत कायमचं अनलॉक. यातले बरेच तर पैसे घेऊन गायब होणारेच, पण काहींचं काम खरंच व्हायचं, ते कसं व्हायचं ते अमेरिकेच्या कोर्टात बाहेर आलंय. एका टोळीने वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल इथल्या एटी अँड टीच्या कॉल सेंटरमधल्या लोकांना लाच देऊन, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर बसवून, १९ लाखांच्या आसपास फोन अनलॉक केले, कंपनीचं नुकसान २० कोटी डॉलरच्या वर, आणि म्होरक्याला २०२१ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. टी-मोबाईलचं पण एक प्रकरण झालं, त्यात दुकान चालवणाऱ्यानेच कर्मचाऱ्यांचे पासवर्ड चोरून हे उद्योग केले, त्याला २०२२ मध्ये १० वर्षं. म्हणजे मागच्या दाराने अनलॉक व्हायला एवढं सगळं लागतं. तुम्ही व्हॉट्सॲपवर दोन हजार पाठवून ते होईल अशी आशा कशाला धरायची?

सरळ रस्त्याने मात्र एक पैसा लागत नाही. अट पूर्ण झाली की कंपनीच्या साइटवर आयएमईआय टाकून अर्ज करायचा, साधारण दोन कामाच्या दिवसांत उत्तर येतं. एटी अँड टी तर आपला ग्राहक नसलेल्या माणसाचाही अर्ज घेते. पण अट तीच, पहिल्या मालकाचे हप्ते फिटलेले हवेत. आणि आयएमईआय चोरीला गेलेला किंवा पैसे बुडवलेला म्हणून काळ्या यादीत असेल तर विषय संपला. असे सेट स्वस्तात इकडे येतात, ‘तिकडे ब्लॉक आहे, इथे चालतो’ या जोरावर. इथे आज चालला तरी तो अनलॉक कधीच होणार नाही आणि उद्याची हमी नाही.

हे सगळं फक्त फोन मागवणाऱ्यांसाठी नाही, तिकडे जाणाऱ्या पोरांसाठी जास्त आहे. एमएसला गेलेली पोरं पहिल्या महिन्यात काय करतात, चारपाच जण मिळून एक फॅमिली प्लॅन घेतात, खातं एकाच्या नावावर, आणि त्यावर प्रत्येकाला ‘फुकट’ आयफोन. दोन वर्षांत शिक्षण संपतं, एकाला टेक्सासला नोकरी लागते, एक परत येतो, ज्याच्या नावावर खातं तो तिसराच, त्याच्याशी भाड्यावरून वाजलेलं. तुझे हप्ते तू वेळच्या वेळी दिलेस पण खात्यावर दुसऱ्याची थकबाकी आहे, तर तुझाही फोन सुटत नाही, कंपनी खातं बघते. ३६ महिन्यांचा हप्ता आणि २४ महिन्यांची डिग्री, हे गणित मुळातच जुळत नाही, पण स्टोअरमध्ये कोण सांगणार?

आणि पहिल्याच आठवड्यात दुसरी अडचण येते, ती जायच्या आधी कुणाच्या लक्षात येत नाही. आपला इथला नंबर बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवायचा असतो. फोनला दोन ई-सिम चालतात म्हणून एक अमेरिकेचं, एक आपलं एअरटेल नाहीतर जिओ, असा बेत. पण लॉक असलेला फोन दुसऱ्या जागेवर पण बाहेरच्या कंपनीचं सिम घेत नाही. लॉक पूर्ण फोनला असतं, एका सिमच्या जागेला नसतं. मग एज्युकेशन लोनच्या खात्याचा ओटीपी येणार कुठे, इथल्या नंबरवर यूपीआय चालू करायला तर त्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, तो जाणार कसा? मग पोरं जुना भारतातला फोन ओटीपीसाठी वेगळा बाळगतात, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावलेला. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, इथूनच चांगला फोन घेऊन जा, आणि इथलं सिम ई-सिम करायचं असेल तर विमानात बसायच्या आधी कर, कारण त्याच्या खातरजमेचे मेसेज त्याच नंबरवर येतात, तिकडे गेल्यावर रोमिंग चालू नसेल तर बसला बोंबलत. सुट्टीला आल्यावर पण तेच, लॉक फोनमध्ये इथलं सिम चालत नाही, मग एटी अँड टी, व्हेरायझनचं रोमिंग दिवसाला १२ डॉलर. दिवसाला हजार रुपये! तेवढ्यात आपल्याकडे महिनाभराहून जास्त अनलिमिटेड चालतं.

अँड्रॉइडचं थोडक्यात, कारण विचारलं आयफोनचं आहे. तिकडच्या कंपनीचा सॅमसंग किंवा पिक्सेल नीट अनलॉक झाला तरी एक भानगड उरते. जिओकडे टूजी, थ्रीजी नाहीच, पहिल्या दिवसापासून सगळं फोरजीवर, म्हणजे कॉल लागायला फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, चालायला हवं, आणि ते अँड्रॉइडमध्ये कंपनीनुसार सॉफ्टवेअरमध्ये चालूबंद केलेलं असतं. त्यामुळे जुन्या अमेरिकन सेटवर जिओचं नेट धावतं आणि कॉल लागत नाही असं होतं. लोक येऊन म्हणतात माइक गेला असेल. व्हेरायझनच्या पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, तर सिम अनलॉक झाल्यावरही उघडत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून बघू हा मार्गही बंद. आणि इथून सॅमसंग घेऊन लगेच परदेशी जाणाऱ्यांनी डब्यावरचं स्टिकर वाचा, पहिल्यांदा इथल्याच सिमने चालू करून पाच मिनिटं कॉल करायचा असतो, नाहीतर तिकडचं सिम घेत नाही. दोन रुपयांचं काम आहे पण विसरतात.

आता तुम्ही म्हणाल आपल्याकडे हा लॉकचा प्रकार नाही ते बरंय. नाही असं नाही. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी आला तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोननेच विकला, ३१,००० पासून पुढे, आणि तोही लॉक. पूर्ण पैसे घेऊन वर लॉक! अमेरिकेत निदान स्वस्त तरी देतात. २०१७ चा जिओफोन १,५०० रुपये डिपॉझिटचा, २०२३ चा जिओ भारत ९९९ चा, दोन्ही फक्त जिओवर. ज्या वाडीत बीएसएनएलशिवाय कुणाची रेंज नाही तिथल्या आजीला मुंबईचा नातू कौतुकाने असा फोन नेऊन देतो आणि तो फक्त टॉर्च म्हणून वापरात राहतो.

आणि आजचं खरं लॉक हप्त्यांचं आहे. ईएमआयवर फोन देताना बरेचदा दुकानातच त्यात एक लॉक बसवतात, सॅमसंगमध्ये नॉक्स गार्ड, बाकी अँड्रॉइडमध्ये तशीच दुसरी सोय. हप्ता चुकला की स्क्रीनवर पैसे भरा एवढंच, बाकी काही उघडत नाही. हेही फोनच्या नंबराला बांधलेलं असतं, फॅक्टरी रिसेट मारून जात नाही. आणि इथेच सेकंडहँडवाला फसतो, कारण विकणारा चार हप्ते भरून फोन विकून मोकळा होतो, घेताना सगळं झकास चालतं, आणि दीड महिन्याने तुमच्या हातात लॉक होतो. तुमचं त्या फायनान्स कंपनीशी काही देणंघेणं नाही, पण फोनचं आहे ना. सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप्सची यादी बघा, लॉक स्क्रीनखाली ‘हा फोन संस्थेच्या मालकीचा आहे’ अशा अर्थाची बारीक ओळ येते का बघा, बिल बघा, आणि बिल हप्त्याचं असेल तर लोन बंद झाल्याचं पत्र मागा. कुरकुर केली तर सोडून द्या. आयएमईआय *#०६# ने काढून केवायएम (KYM), स्पेस, पंधरा आकडे असा एसएमएस १४४२२ ला पाठवा, ब्लॉक किंवा डुप्लिकेट असेल तर तिथे कळतं. पण ईएमआयचं लॉक आणि सिमचं लॉक त्या मेसेजमध्ये दिसत नाही, ते वेगळंच तपासायचं. आणि आयक्लाउडचं लॉक हा आणखी तिसरा प्रकार, तो आधीच्या मालकाच्या पासवर्डचा, त्याचा सिमशी काही संबंध नाही. दुकानदार ‘अनलॉक आहे’ म्हणाला की विचारा, कुठलं?

तर तुमच्या भावाला एवढं विचारा. फोन हप्त्याचा आहे का, किती महिने बाकी, खातं कुणाच्या नावावर, आणि अबाउटमधल्या कॅरिअर लॉकच्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठव. फोन अजून घेतला नसेल तर ॲपलमधून कनेक्शनशिवाय घे म्हणावं, नाहीतर राहू दे. घेऊन झाला असेल तर नवा त्यालाच वापरू दे, आणि त्याचा आत्ताचा जुना, हप्ते फिटलेला असेल, तर तिथूनच अनलॉकचा अर्ज करून, ती ओळ बदललेली बघून, मग बॅगेत टाकायला सांगा. इथे आल्यावर अर्ज करू असं म्हणाला तर ऐकू नका, कागद, खातं, जुना नंबर, ओटीपी सगळं तिकडे असतं. पैसे तो स्क्रीनशॉट आल्यावर पाठवा, भाऊ असला तरी.